वेगळी चूल

४ मार्च
साडूच्या हाती

अगं,

नियम पुन्हा एकदा लिहून काढतो, म्हणजे दोघांच्या डोक्यात एकच राहतील. साडूच्या पार्सलच्या गाडीतून येतील ती पत्रं घरची. त्यात काय वाटेल ते लिहायचं, वाचायचं आणि फाडून टाकायचं. पोस्टानं येतील ती दाखवायची. त्यात भांडायचं, आणि ती पाकिटासकट जपून ठेवायची. फोन अजिबात नाही. अर्जाला फोनची बिलं जोडावी लागतात, आणि जिच्याशी पटत नाही त्या बायकोला नवरा रोज अर्धा अर्धा तास फोन करतो हे कुणाच्याही गळी उतरणार नाही. तू म्हणशील, तुम्ही आणि अर्धा तास? अर्धं मिनिट म्हणा. बरं, अर्धं मिनिट.

भत्त्याच्या खिडकीवर काल पुन्हा जाऊन आलो. बाईनं तेच सांगितलं. एका चुलीवर जेवणाऱ्या दोघांत एकाचा पगार ठरवलेल्या रकमेच्या वर असला की दुसऱ्याला बेकारी भत्ता नाही. तुझा पगार वर आहे, पण किती? महिन्याच्या दुधाइतका. मी म्हटलं, बायको आता दुसऱ्या गावी असते, दातांच्या डॉक्टरांनी तिथं नवा दवाखाना काढलाय, तिथं तिला पाठवलंय. बाई म्हणाली, “गाव बदललं म्हणून चूल वेगळी होत नाही हो. दोघांचं फाटलंय का? फाटलं असेल तर पुरावा आणा. पत्रं चालतील. तीन महिन्यांची लागतील. मग आमचा तपासनीस घर बघून जाईल.” कांद्याबटाट्याचा भाव सांगावा तसं सांगितलं तिनं.

म्हणजे आपलं अजून फाटलेलं नाही हाच आपला गुन्हा. तू जाताना म्हणालीस तेच खरं, की फाडून दाखवलं तरच खायला मिळणार. कल्पना तुझी, हे मी विसरणार नाही. जमली तर श्रेय तुझं, फसली तर मी बायकोच्या सांगण्यावरून वागलो असं म्हणायला मोकळा.

पैशाचं असं आहे. तुझा पगार घराच्या हप्त्यात जातो आणि पोटाला काही उरत नाही. पोटाला ठेवावं तर हप्ता चुकतो. दोन चुकलेत. तिसरा चुकला की बँकवाले दारावर कागद चिकटवणार. विम्याची पॉलिसी मोडली, स्कूटर गेली, कारखान्याकडची थकलेली रक्कम मालकाच्या कोर्टकचेऱ्या संपल्याशिवाय दिसणार नाही. भत्ता सुरू झाला तर वर्षभर दोन्ही निभतं, आणि वर्षभरात काहीतरी काम मिळेलच. कारखान्यातला पॅकिंगमधला जाड्या सांगतो की एकदा मंजूर झाला की पुन्हा कुणी ढुंकून बघत नाही. डॉक्टरांनी तुला तीन महिन्यांसाठीच पाठवलंय. तेव्हा तीन महिने दम काढायचा, मग तू परत.

मेहुणीला नमस्कार सांग. तिच्या मागच्या खोलीत वारा येतो का ते लिही.


१२ मार्च
पोस्टानं

तुझ्या वागण्यामुळे माझ्या संसाराची राखरांगोळी झाली आहे. माझ्या पडत्या काळात तू पाठ फिरवलीस. तुझ्यासारख्या निष्ठुर स्त्रीचे तोंड पाहण्याची माझी इच्छा नाही. या घराचे दरवाजे तुला कायमचे बंद झाले आहेत असे समज. कळावे.


१९ मार्च
साडूच्या हाती

अगं,

हसून हसून पोट दुखलं म्हणतेस, ठीक आहे. मेहुणीलाही वाचून दाखवलंस हे मात्र अती झालं. साडू गाडीतून उतरल्या उतरल्या मला म्हणाला, “काय निष्ठुर स्त्रीचे मालक, चहा देणार का?”

तुझं म्हणणं मला पटलं. असं पत्र नाटकात शोभतं, संसारात कुणी असं लिहीत नाही. ‘खरं काहीतरी लिहा. बारीकसं, आपल्या घरातलं. तेवढंच माणसाला पटतं,’ असं तू लिहिलंस. प्रयत्न करतो. पण तुझ्याबद्दल वाईट लिहायला बसलो की माझी मती गुंग होते.

इथं दर आठवड्याला एक कार्ड भरावं लागतं. चार ठिकाणी काम मागायला गेलो होतो असे चार शिक्के हवेत. या आठवड्यात छत्र्यांच्या दुकानात गेलो. मालकानं वर न बघताच शिक्का मारला. त्याच्या शाईच्या डबीजवळ आमच्यासारख्यांसाठी वेगळी खुर्चीच ठेवली आहे. मग एका गोदामात गेलो. तिथल्या पोरीनं विचारलं, काय काम करायचात? म्हटलं, मोज्यांच्या कारखान्यात विणायच्या यंत्रांच्या सुया बदलायचो, दुरुस्त करायचो. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मोजेही कुणीतरी बनवत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एका यंत्रात शेकडो सुया असतात, त्यातली एक वाकली की पायाच्या पार खालपर्यंत रेघ पडते, आणि ती कोणती हे मी हात फिरवून सांगायचो. हे सगळं तिला सांगणार होतो. पण ती शिक्का मारून पुढच्या माणसाकडे वळली होती.

तुझे कपडे आणि चपला साडूकडे दिल्या आहेत. कंगवाही दिला. तपासनीस येईल तेव्हा न्हाणीघरात एकच ब्रश हवा.


२६ मार्च
पोस्टानं

तू मनाला लावून घेशील म्हणून इतके दिवस बोललो नाही. तुझे डॉक्टर आपल्या घरी आले होते, आठवतं? जिना चढून दमले होते म्हणून पाणी दिलंस. मी भाजी चिरत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनी काही विचारायच्या आत तू म्हणालीस, “हे घरीच असतात.”

माझं नाव सांगितलं नाहीस. मी काय काम करायचो ते सांगितलं नाहीस. कारखाना बंद पडला, यात माझा काही दोष नव्हता, तेही नाही. घरीच असतात. दाराजवळ छत्री ठेवलेली असते तसा मी.

डॉक्टर गेल्यावर तू चहाचे कप विसळत बसलीस आणि मी उरलेली भाजी चिरली. त्या दिवसापासून मला तुझ्यासमोर बसून जेवायला जड जातं. तू वाढताना हात आखडत नाहीस, पण मी भातावर दुसऱ्यांदा आमटी घेतली की तुझी नजर पातेल्यात जाते. कदाचित पातेलं घासायचं असतं म्हणून जात असेल. मला तसं वाटत नाही.


५ एप्रिल
साडूच्या हाती

अगं,

मानलं तुला. तुझं पोस्टाचं उत्तर मी खिडकीवर नेऊन दाखवलं. बाई पत्रं नुसती चाळते, पण तुझं तिनं सबंध वाचलं. वाचून चष्मा काढला आणि म्हणाली, “तुमच्या मिसेस काय लिहितात हो!” मागे रांग खोळंबली होती. मी म्हटलं, हो, पहिल्यापासून हुशार आहे. मग जीभ चावली, कारण जिच्याशी फाटलंय तिचं कौतुक करायचं नसतं.

माझ्या पत्राचं मनावर घेऊ नकोस. तूच म्हणालीस खरं लिहा, म्हणून आठवायला बसलो, आणि ते डॉक्टरांचं एकदम वर आलं. मला वाटत होतं विसरलो आहे. लिहून झालं आणि बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला पाठ झालंय. ‘इतकी वर्षं मी समजत होते की कारखाना यांना बोलू देत नाही. दिवसभर त्या यंत्रांच्या खडखडाटात राहतात, घरी आल्यावर शांतता हवी असेल, म्हणून मीही गप्प बसायला शिकले. मग कारखाना बंद झाला. महिनाभर वाट बघितली. तेव्हा कळलं की कारखान्याचा काही दोष नव्हता.’

कुठून सुचलं तुला हे? पहिल्यांदा वाचून मी टाळी वाजवली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नाही वाजवली.

कारखान्यात खरंच बोलायची सोय नव्हती गं. समोरच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. आम्ही सगळं हातांनी बोलायचो. मूठ उघडली की यंत्र चालू, तळहात आडवा धरला की बंद, दोन बोटं हलवली की सुई आण, छातीवर हात ठेवला की सगळं ठीक. त्या दालनात आयुष्य काढलेला माणूस घरी येऊन गप्पा छाटेल कसा? हे मी तुला कधी सांगितलं होतं का? नसेल सांगितलं. आता सांगितलं.

तुझ्या पत्रातलं ते वाक्य नाटकातलंच आहे ना, एवढंच कळव. साडूच्या हाती कळव.


१८ एप्रिल
साडूच्या हाती

अगं,

तुझी चिठ्ठी मिळाली. चारच ओळी. त्यातल्या तीन शिलाई मशीनबद्दल. मी विचारलेल्याचं उत्तर चौथ्या ओळीत असेल म्हणून बघितलं, तर तिथं ‘तब्येतीला जपा’.

शिलाई मशीन कशाला? तपासनीस कपाट उघडून बघेल, ब्रश बघेल, हे मला समजतं. पण बायको सोडून गेली तरी तिचं मशीन घरात असू शकतं की. उलट असायलाच हवं, भांडून गेलेली बाई खांद्यावर मशीन घेऊन जात नाही. तू लिहितेस, संध्याकाळी दवाखाना सुटल्यावर वेळ जात नाही आणि शेजारच्या दोघी कपडे शिवून मागतात. चार पैसे मिळतील हे खरं. पण दीड महिन्यासाठी एवढं धूड तिकडे न्यायचं आणि परत आणायचं?

तरी दिलं. साडू आणि मी दोघांनी मिळून जिन्यावरून उतरवलं. वळणावर भिंतीला घासलं आणि थोडा गिलावा पडला. गाडीत चढवून झाल्यावर साडू म्हणाला, “काही निरोप सांगू का तिला?” मी छातीवर हात ठेवला. साडूला आमच्या कारखान्याच्या खुणा कुठून कळणार? त्याला वाटलं मला दुखतंय. खाली बसवलं, पाणी पाजलं.

मशीन होतं तिथं आता फरशीवर चार पायांचे ठसे आहेत. कपडा घासून बघितला, जात नाहीत. घर खायला उठतं म्हणतात ना, तसं झालंय. दुपारी कार्डावरचे शिक्के मोजत बसतो आणि मग बाजारातून उगाच चक्कर मारून येतो. या आठवड्यात छत्रीवाल्यानं मला ओळखलं. म्हणाला, या, बसा. बेकारीत तेवढीच ओळख वाढली.


४ मे
साडूच्या हाती

अगं,

दोन खेपा साडू रिकाम्या हातानं आला. पहिल्या खेपेला म्हणाला, तिला वेळ नव्हता. दुसऱ्या खेपेला नुसता टायर बघत राहिला. मात्र पोस्टानं तुझं पत्र वेळच्या वेळी आलं. त्यात तू लिहिलंयस की इथं सकाळी उठल्यावर कुणाच्या चेहऱ्याकडे बघून दिवस कसा जाणार याचा अंदाज घ्यावा लागत नाही.

ते मी अजून खिडकीवर दाखवलेलं नाही. खिशात आहे.

हप्ता तू भरलास, बँकेतून कळलं. दारावर कागद लागला नाही तो तुझ्यामुळे. तुला आता काय उरत असेल ते मला कळतं, म्हणूनच मशीन हवं होतं ना? तसं असेल तर तसं सांग. मी दिवसातून एकदाच जेवतो, मला पुरतं. पैशासाठी असेल तर माझी काहीच तक्रार नाही.

एका रविवारी ये. रात्री राहू नकोस, शेजारचे बघतील ते बघू देत. दुपारी ये आणि संध्याकाळी जा. मी बोलेन. हसू नकोस, मी सराव करतोय. भाजी चिरताना मोठ्यानं बोलतो. पहिल्या दिवशी माझाच आवाज ऐकून दचकलो. काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून जे दिसतं ते बोलतो, कांदा घेतला, कांदा चिरला, डोळ्यांत पाणी आलं. उद्यापासून जरा बरं काहीतरी सुचेल.

ये. नाही जमलं तर का जमत नाही ते साडूजवळ लिहून दे. पोस्टानं नको.


१६ मे
पोस्टानं

तू आता फक्त पोस्टाच्याच पत्रांना उत्तर देतेस, म्हणून हे पोस्टानं पाठवतोय. त्यावर शिक्का बसेल आणि उद्या कुणी वाचलं तर वाचू दे. भत्ता गेला खड्ड्यात.

तुझं शेवटचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की त्याच्या घड्या फाटायला आल्या. डॉक्टरांनी तुला तिथंच कायम केलं आणि तू हो म्हणालीस, असं त्यात आहे. मी आधी कौतुक केलं, म्हटलं काय बेमालूम थाप मारली. मग साडूला विचारलं. त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. त्याचे कान लाल झाले नाहीत. तो म्हणाला, “खरं आहे दादा. महिना झाला.”

मग मी तुझी पोस्टाची सगळी पत्रं ओळीनं मांडून वाचली. त्यात एकही गोष्ट खोटी नाही. माझ्या पत्रांत पहिलं सोडलं तर माझंही एक खोटं नाही. खोटं लिहिलं तर पटणार नाही म्हणून आपण खरं लिहिलं, आणि ते आपल्यालाच पटलं. अशी चूक दुसऱ्या कुठल्या नवराबायकोनं केली असेल का गं? भांडणाचं सोंग घेऊन बसलो, आणि जे खरोखर भांडून मोकळं व्हायला हवं होतं ते सगळं कागदावर ओतलं. समोरासमोर बोललो असतो तर तू रडली असतीस, मी तळहात आडवा धरला असता, आणि संध्याकाळी जेवायला बसलो असतो. कागदावर रडणं दिसत नाही.

मला राग आलेला नाही. मी घाबरलोय. घर जाईल ही भीती वेगळी होती, तिच्यावर उपाय शोधता येत होता. या भीतीपुढे मी हात टेकले.

तू कंटाळली असशील तर मी बदलतो. पन्नाशीनंतर माणूस बदलत नाही असं तू मेहुणीला म्हणालीस, साडूनंच सांगितलं. पण तुला काय माहीत? मी या वयापर्यंत कधी प्रयत्नच केला नव्हता.

हे सगळं नाटक आहे असं मला लिही. फक्त एक ओळ.


३० मे
साडूच्या हाती

अगं,

तपासनीस येऊन गेला. बिचारा सज्जन माणूस, चप्पल बाहेर काढून आत आला. कपाट बघितलं, न्हाणीघर बघितलं, एक ब्रश, एक टॉवेल. फरशीवरचे चार ठसे बघून विचारलं, इथं काय होतं? म्हटलं, बायकोचं शिलाई मशीन. त्यानं लिहून घेतलं. मग खुर्चीवर बसून अर्ज मांडीवर घेतला आणि म्हणाला, “शेवटचा प्रश्न. पत्नी परत येण्याची शक्यता?”

याचं उत्तर आपलं ठरलेलं होतं. नाही, म्हणायचं. एवढा एक शब्द म्हणायचा आणि सही करायची.

मी म्हणालो, साहेब, हे सगळं खोटं आहे. आमचं फाटलेलं नाही. भत्त्यासाठी आम्ही ठरवून वेगळे झालो, पत्रं ठरवून लिहिली. आमची चूल एकच आहे. माझा अर्ज फेटाळा, दंड करायचा तर करा, पण आम्ही दोघं एकत्र आहोत असं तुमच्या कागदावर लिहा.

त्यानं पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडेल. तो म्हणाला, “काका, पाणी घ्या.” मग म्हणाला, “असं बरेच जण सांगतात हो. शेवटच्या प्रश्नाला आलं की सांगतात. तुम्ही म्हणता ते लिहितो, पण मला दोन्ही बाजू विचाराव्या लागतात. तुमच्या मिसेसना पत्र जाईल. त्या सांगतील तसं होईल.”

तेव्हा तुला कचेरीचं पत्र येईल. मी आपल्या दोघांचं पितळ उघडं पाडलंय, त्याबद्दल तू मला हवं तेवढं बोल. हप्ता चुकेल, दारावर कागद लागेल, भाड्याची खोली बघू. एका खोलीत राहिलोय आपण, सुरुवातीला. फक्त खरं काय ते लिही. आम्ही एकत्र आहोत, नवरा म्हणतो ते बरोबर आहे, एवढं पुरे.

मी बाकी काही मागत नाही. उत्तर साडूजवळ दिलं नाहीस तरी चालेल, कचेरीला दे.


२१ जून
पोस्टानं

भत्ता मंजूर झाला. तुला कळवावं म्हणून लिहितोय, कारण तो तुझ्यामुळे झाला.

खिडकीवरच्या बाईनं मला बाजूला बोलावून तुझा जबाब वाचून दाखवला. तसं दाखवायचा नियम नाही, पण तिनं दाखवला. ‘मी माझ्या नवऱ्यापासून वेगळी राहते. परत जाण्याचा विचार नाही. ते मनानं चांगले आहेत. मी परत येईन असं त्यांना वाटतं, म्हणून ते तसं बोलले. यात त्यांचा काही कपटाचा हेतू नाही. त्यांचा भत्ता अडवू नये, त्यांना दुसरा आधार नाही.’ खाली तुझी सही. तीच, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली.

बाहेर येऊन मी पायरीवर बसलो. आधी माझ्या मनात आलं, काय डोकं चाललंय हिचं! मी सगळं बिघडवून ठेवलं होतं आणि हिनं एका कागदात भत्ता वाचवला, मलाही वाचवलं. हा तिचा शेवटचा डाव, आता ती येणार. दोन दिवस मी तसंच धरून चाललो. फरशी पुसली. मशीनसाठी जागा मोकळी आहे की नाही तेही बघितलं, जणू ती जागा कुठं जाणार होती.

मग साडू आला. गाडीतून खाली न उतरताच त्यानं सांगितलं, की तू मेहुणीच्या मागच्या खोलीतून निघालीस. दवाखान्याजवळ स्वतःची खोली घेतलीस. एक खिडकी आहे, तिच्याखाली मशीन ठेवलंस. शिवलेले कपडे घ्यायला बायका येतात, आणि तू त्यांच्याशी खूप बोलतेस. “हसते पण,” तो म्हणाला. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, कान नेहमीसारखेच होते. आता मी त्याला त्रास देणार नाही. तो माझ्या तुझ्यामध्ये उगाच भरडला गेला.

घराच्या हप्त्यातला अर्धा तू भरत राहणार असं बँकेत सांगून ठेवलंस. नको म्हणायला माझ्याकडे तोंड नाही. अर्धा भत्त्यातून जाईल आणि उरलेल्यात एका माणसाचं भागेल. म्हणजे आपण ठरवलं होतं ते सगळं पार पडलं. घर वाचलं.

जाड्यानं एक गोष्ट सांगितली नव्हती. एकदा मंजूर झाला की कुणी बघत नाही, हे खोटं आहे. दर महिन्याला पैसे घेण्याआधी खिडकीवर जाऊन सांगावं लागतं. आज पहिलीच वेळ होती. खिडकीवर बाई नव्हती, तिच्या जागी नवा पोरगा होता. त्यानं माझा कागद काढला आणि काही न बघता विचारलं, “काही बदल?”

मी मान हलवली.

“मान नाही चालत, तोंडानं सांगा. पूर्ण सांगा.”

मी सांगितलं. त्यानं कानाला हात लावला. मध्ये काच होती, आणि मागे रांगेत कुणाचं तरी मूल रडत होतं. “मोठ्यानं,” तो म्हणाला, “ऐकू येत नाही.”

मग मी मोठ्यानं सांगितलं. रांग गप्प झाली. इतक्या मोठ्यानं आणि इतकं स्पष्ट मी तुझ्याशी कधी बोललो नव्हतो. म्हटलं, माझी बायको परत आलेली नाही.

त्यानं शिक्का मारला आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.